हमीदार म्हणजेच जामीनदार, हे मला सही करून झाल्यावर कळलं

मित्राने कर्ज काढलं तेव्हा म्हणाला, अरे काही नाही, फॉर्मॅलिटी आहे, साक्षीदाराची एक सही लागते. जुनी ओळख, गेलो. टेबलावरच्या माणसाने पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या, मी फुली दिसेल तिथे सही करत गेलो.

अजिबात वाचलं नाही असं नाही हां. कागदावर जामीनदार असा शब्द असता ना तर तिथूनच पळालो असतो, जामीन राहणं म्हणजे काय हे घरात लहानपणापासून ऐकलंय. पण तिथे होतं "हमीदार". आणि पुढे, "संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहील". मी म्हटलं पृथक म्हणजे वेगवेगळं, त्याचं त्याच्याकडे माझं माझ्याकडे, फार तर अर्धं. इथेच मेलो. त्याचा अर्थ असा की पैसे देणारा दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळीच्या सगळी रक्कम मागू शकतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ पण तेच, करारात वेगळं लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची.

पुढच्या पानावर "निरंतर हमी". मला वाटलं कर्ज फिटेपर्यंत. तर त्याने नंतर मला न सांगता घेतलेलं वाढीव कर्जही त्यातच आलं, हे कळलं थेट नोटीस आल्यावर (ती नोटीस पण "उपरोक्त" न् "तद्नुषंगाने" वाली, तीनदा वाचून मला फक्त आकडा कळला).

सगळ्यात डेंजर ओळ मात्र शेवटच्या सहीच्या बरोबर वर होती: "सदर मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला असून तो मला समजला व मान्य आहे." कोणी काय घंटा समजावलं होतं. वकिलाने पहिलं बोट तिथेच ठेवलं. म्हणाला, इंग्लंडमध्ये १९३४ साली एका कॅफेवाल्या बाईंची केस झाली, सिगारेटचं मशीन घेतलं ते नीट चालेना, पण बारीक अक्षरातल्या अटींखाली सही होती, कोर्ट म्हणालं वाचलं नसलं तरी सही ती सही.

मग फसवणुकीचं काय, तर कलम १४२ आहे, चुकीची माहिती देऊन घेतलेली हमी टिकत नाही, पण ती माहिती पैसे देणाऱ्याने दिलेली किंवा त्याच्या माहितीने, संमतीने दिलेली लागते. मला खोटं बोलला मित्र, तेही बाईकवर. टेबलवाल्याने तोंडच उघडलं नाही, नुसत्या फुल्या.

तेव्हा कुणी साक्षीदार म्हणून बोलावलं तर आधी सहीखाली काय छापलंय ते बघा. कागद घरी न्यायला मागा, नाही म्हणाले तर उठून या. समजलं नसेल तर ती "समजला व मान्य" वाली ओळ तशीच ठेवून सही करू नका. आणि निरंतर हमी देऊन बसला असाल तर पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते, कलम १३०, मला हे वेळेत माहीत असतं तर निदान वाढीव कर्ज तरी डोक्यावर आलं नसतं.

सध्या हप्ते मी भरतोय. भरलेलं मित्राकडून वसूल करायचा हक्क आहे, कलम १४५, त्याची नोटीस तयार होतेय. वकिलाने मसुदा पाठवला तर मी ओळ न ओळ फोन करून विचारली, वैतागला तो, वैतागू दे.