रिव्हॉल्व्हरची ऑनलाइन जाहिरात: नागपूर भागातल्या परवानाधारकांनी हे आधी वाचावं

परवाना हातात येतो, त्यावर शस्त्र घेण्याची मुदत लिहिलेली असते, आणि दुकानातल्या किमती ऐकून माणूस मोबाइलवर शोधायला लागतो. फसवणूक इथूनच सुरू होते. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार असो की सदरमधला व्यापारी, जाळं एकाच पद्धतीचं असतं. ते कसं विणलेलं असतं हे नीट सांगितलं, तर बरेच लोक पहिल्याच पायरीवर थांबतील. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

फेसबुकवर किंवा टेलिग्रामवर फोटो दिसतो. .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) रिव्हॉल्व्हर, चामडी कव्हर, शेजारी काडतुसांची डबी. किंमत दुकानाच्या निम्मी किंवा त्याहून कमी. विचारलं की उत्तर लगेच येतं: मी फौजी आहे, कामठी कॅन्टोन्मेंटला होतो, आता बदली झाली, म्हणून विकतोय. ओळखपत्राचा, कॅन्टीन कार्डाचा, गणवेशातला फोटो न मागताच पाठवतो. दुसरं कारण थोडं हुशारीचं असतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून ‘तिसरं काढून टाकायचं आहे’ असं सांगतात. कायदा खरा आहे, म्हणून ऐकणाऱ्याला पटतं. पण ती दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ ला लागू झाली आणि जास्तीचं शस्त्र जमा करायला एकच वर्ष दिलं होतं. आज कुणी ‘तिसरं’ शस्त्र घरात ठेवून विकत असेल, तर तो खोटं तरी बोलतोय किंवा गुन्हा तरी करतोय.

पुढे पैशांची साखळी लागते. आधी बुकिंगचे दोन-अडीच हजार. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे माणूस ‘गेले तर गेले’ म्हणून देतो. दोन दिवसांनी कुरिअरची पावती आणि ट्रॅकिंगची लिंक येते. ती साइटही त्यांचीच, त्यामुळे पार्सल इटारसी, बैतूल, पांढुर्णा असं सरकत सरकत नागपूरकडे येताना दिसतं. मग ते ‘अडकतं’. ट्रान्झिट विमा भरा, परत मिळेल. एनओसीची फी भरा. जीपीएस लॉकरचं डिपॉझिट भरा, तेही परत मिळेल. दर वेळी मागणी आधीपेक्षा मोठी, आणि दर वेळी आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून पुढचे दिले जातात. माणूस थांबला की शेवटची पायरी येते: खाकी वर्दीतल्या कुणाचा तरी व्हिडिओ कॉल. ‘तुमच्या नावावर बेकायदा शस्त्राचं पार्सल पकडलंय, अटक टाळायची असेल तर आत्ताच इतके पाठवा.’ सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते, कारण आता लोभ नसतो, नुसती भीती असते. एक लक्षात ठेवा: कोणतेही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि यूपीआयवर दंड घेत नाहीत.

आता मुळाशी जाऊ. शस्त्राच्या व्यवहारात कागद पुढे चालतो आणि माल त्याच्या मागून येतो. माल आधी, कागद नंतर असं जो म्हणेल त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे एक परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाला आपलं शस्त्र विकू शकतो, पण त्याआधी त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायला हवा, आणि ते कळवल्यावर किमान ४५ दिवस जायला हवेत. याचा साधा अर्थ असा की तुमचं नाव कुठेही कळवलेलं नसताना ‘चार दिवसांत घरपोच’ हे कायद्याने शक्यच नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा: कलम ५ ची सूचना कोणत्या ठाण्यात दिली, पोच कुठे आहे? खरा विकणारा पोचेची प्रत दाखवेल. खोटा चिडेल, किंवा ‘भाईसाब, उसकी जरूरत नहीं’ म्हणेल.

शस्त्राच्या वाहतुकीवरही नियम आहेत. परवाना नुसत्या महाराष्ट्रापुरता असेल आणि शस्त्र बाहेरच्या राज्यातून आणायचं असेल, तर वाहतुकीची परवानगी आधी घ्यावी लागते. भाजीसारखं दारात शस्त्र आणून देणारी सोय अस्तित्वात नाही. कारखान्यांच्या आणि दुकानांच्या साइट असतात, त्यांवर मॉडेल आणि किंमत पाहता येते, काही ठिकाणी मागणीही नोंदवता येते. पण शस्त्र हातात येतं ते परवाना दाखवून, त्यावर नोंद होऊनच.

जाहिरातीतलं नाव आणि बोअर वाचलं तरी बरंच कळतं. ‘ग्लॉक ९ एमएम, परवान्यासह’ अशी जाहिरात नागपुरातही फिरते. सैन्यात वापरलं जाणारं ९ एमएम काडतूस ज्यात बसतं ते पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्याचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय दिल्लीतल्या गृह मंत्रालयाचा. तुमच्या साध्या एनपीबी (प्रतिबंधित नसलेल्या बोअरच्या) परवान्यावर ते चढणारच नाही. ‘अंबाझरी डिफेन्समधून थेट’ असं कुणी म्हटलं तर तेही तपासा. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची कवचं आणि पिनाक रॉकेटचे भाग बनतात, रिव्हॉल्व्हर बनत नाही. सरकारी .३२ रिव्हॉल्व्हर कानपूरचं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली शस्त्रांची कंपनी कानपूरला आहे आणि नागपुरात मुख्यालय असलेली यंत्र इंडिया ही वेगळी कंपनी आहे. मागणीचे पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच जातात. कुणा ‘साहेबां’च्या यूपीआयवर नाही.

बिलाचा फोटो पाठवला तर तोही नीट वाचा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, उत्तर प्रदेश ०९. कानपूरचं दुकान सांगून २७ ने सुरू होणारा क्रमांक, किंवा नागपूरचं दुकान सांगून ०९, असले गोंधळ खोट्या बिलांत सर्रास सापडतात. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. कित्येकदा तो खरा असतो, पण एखाद्या कापडाच्या किंवा सिमेंटच्या दुकानाचा. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाचा एचएसएन (बिलावरचा मालाचा कोड) ९३०२. जीएसटी आला तेव्हापासून तो कधी १८ टक्क्यांच्या गटात नव्हता, सुरुवातीलाच २८ टक्के होता. १८ टक्के लावलेलं रिव्हॉल्व्हरचं बिल दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच असतं, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. बुकिंगच्या वेळी तुम्ही परवान्याची, आधारची, पॅनची प्रत पाठवता. त्या परवान्यावर तुमचा १८ अंकी यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), फोटो, पत्ता सगळं असतं. पुढच्या गिऱ्हाइकाला ‘हा माझा परवाना’ म्हणून दाखवायला तीच प्रत वापरली जाते. मग उद्या चौकशी तुमच्या दारात येते. प्रत द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं, अक्षरांवरून जाईल असं लिहा: फक्त अमुक दुकानासाठी, अमुक शस्त्राच्या खरेदीपुरती, तारीख आणि सही. अनोळखी माणसाला मात्र प्रत द्यायचीच नाही.

परवाना नसलेल्यांनी तर या जाहिरातींच्या आसपासही फिरू नये. पैसे गेले तर ते सुदैव समजावं अशी स्थिती आहे, कारण माल खरंच आला तर तो बिहारमधल्या मुंगेरचा किंवा मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून आलेला देशी कट्टा असतो. त्याच्या नळीची कधी चाचणी झालेली नसते, काडतूस फुटताना ती फाटते आणि बोटं जातात. त्यावर कायदाही आहेच: २०१९ नंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याला कलम २५(१ब) खाली किमान २ आणि कमाल ५ वर्षं, बेकायदा विक्रीला किमान ७ वर्षं ते जन्मठेप.

एअरगन ऑनलाइन मिळते आणि कायदेशीर मिळते, पण तिथेही मर्यादा आहे. .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही; .२२ बोअरला लागतो. जाहिरातीत ज्यूल लिहीत नाहीत, वेग लिहितात, म्हणून हिशेब स्वतः करावा. ८ ग्रेनचा छर्रा म्हणजे ०.५२ ग्रॅम. तो सेकंदाला २८० मीटरने, म्हणजे सुमारे ९२० फुटांनी सुटला तर ऊर्जा २० ज्यूलच्या काठावर येते. हजार फुटांवर तोच छर्रा २४ ज्यूलला जातो. पुष्कळ कंपन्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर मोजलेला वेग छापतात, त्यामुळे तो आकडा फुगलेला असतो. कोणत्या वजनाच्या छर्‍यावर मोजलं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग गावातलं दुकान. दुकान आहे म्हणजे सगळं चोख, असं नाही. फरक एवढाच की इथे माणूस समोर आहे, त्याचा परवाना आहे, साठ्याची वही आहे आणि ती वही तपासणारं कार्यालय आहे. फसवणूक इथेही होते, फक्त तिची जात वेगळी. सगळ्यात महाग पडते ती ‘परवानाही आम्हीच काढून देतो’ ही बोली. अर्ज केंद्राच्या एनडीएएल-एएलआयएस प्रणालीवर होतो, शहरात निर्णय पोलीस आयुक्तांचा आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा, दोन्ही कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये. मधल्या माणसाला दिलेल्या पैशांची पावती कधीच मिळत नाही. शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. पीकरक्षणाचा अर्ज करायचा तर तो त्याच कारणाने करा. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

जुनं शस्त्र दुकानातून घेताना ते कुठून आलं हे आधी विचारा. बरीच जुनी शस्त्रं मयत परवानाधारकांची, वारसांनी दुकानात जमा केलेली असतात. जमा केल्याची पावती, आधीच्या परवान्याचा तपशील, विक्रीची मंजुरी, हे तिन्ही पाहा. विदेशी जुन्या शस्त्रांचे भाव लाखांत जातात, कारण १९८० च्या दशकातच खासगी आयात बंद झाली. त्यामुळे जुन्याला नवी पॉलिश चढवण्याचा मोह दुकानदाराला होतोच. शस्त्र रिकामं असल्याची खात्री दुकानदारासमोर स्वतः करा, मगच हात लावा. नंबर फ्रेमवर, नळीवर, जिथे जिथे असेल तिथे जुळतो का, आणि तो घासून पुन्हा कोरल्यासारखा दिसतो का, ते उजेडात पाहा. निळसर काळी झिलई अगदी कोरी आणि स्क्रूच्या खाचा मात्र झिजलेल्या असतील, तर शस्त्र नव्याने रंगवलेलं आहे. रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश मागे नेला की सिलिंडरमधलं काडतुसाचं प्रत्येक घर नळीच्या समोर येऊन घट्ट बसलं पाहिजे. सिलिंडर डुगडुगत असेल तर गोळीची कड खरडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. दुनळी बंदुकीत बिजागरीची ढिलाई पाहा, आणि नळी काढून उजेडाकडे धरून आतून पाहा. पोचा असेल तर प्रकाशाचं वर्तुळ वाकडं दिसतं. एक गोष्ट दुकानदारही सांगायला विसरतात: जुन्या १२ बोअरच्या कित्येक बंदुकांचं घर ६५ मिमीच्या काडतुसासाठी आहे. त्यात ७० मिमीचं बसतं खरं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर लांबी कोरलेली नसेल तर मोजून घ्या, मगच खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं घ्यायची की दुसरी कोणती, हे ठरवा.

बिलावर शस्त्राचा नंबर, बोअर आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव हवंच. दुकानदाराने परवान्यावर नोंद करून सही-शिक्का दिल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि नंतर परवाना देणाऱ्या कार्यालयात शस्त्र दाखवून तिथली नोंद पुरी करा. ‘नंतर करून देतो’ म्हणत पूर्ण पैसे घेणाऱ्या दुकानातून परत या.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि तोही ताबडतोब. पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पळायला फार वेळ लागत नाही. हाताशी ठेवा: यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी, मोबाइल नंबर, जाहिरातीची लिंक. चॅट डिलीट करू नका, ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट काढा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक घ्या आणि तो घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. शस्त्राचं प्रकरण म्हणून लोक गप्प बसतात. परवानाधारकाने फसवणुकीची तक्रार देणं हा गुन्हा नाही. परवाना नसेल तर आधी वकिलाशी बोला, पण बोलायला आठवडा लावू नका.

परवान्याची प्रत गेली असेल तर आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक नंबरवर प्रत गेली, यूआयएन हा, तक्रारीचा पोच क्रमांक हा. त्या अर्जावर आवक शिक्का मारून घ्या आणि शिक्क्याची प्रत परवान्यासोबतच ठेवा.