आर्किटेक्ट ताई आधी ऊन बघायला आल्या, नकाशा नंतर

चोपड्याला आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर होतं, पांढऱ्या मातीचं, भिंती दोन-दोन हात जाड. पावसाळ्यात एका बाजूने बसलं म्हणून पाडावं लागलं. सगळे म्हणाले आरसीसी करा, काचा लावा, एसी घ्या. पण भावाच्या नवीन घरात रात्री ११ लाही स्लॅब तापलेला असतो, कूलर नुसता गरम वारा फेकतो, म्हणून या ताईंकडे गेलो.

ताई मे महिन्यात दुपारी ३ ला प्लॉटवर आल्या, शिल्लक राहिलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर माझा हात ठेवायला लावला. चटकाच बसला. म्हणाल्या, या बाजूला झोपायची खोली द्यायचीच नाही. तिकडे जिना, बाथरूम, कोठीघर दिलं, आणि दक्षिणेला छज्जा, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा ऊन छज्ज्यावरच अडतं अन् हिवाळ्यात खाली आला की आत येतं. नानांना (माझे वडील) दमा आहे, त्यांना सकाळी वारा कुठून लागतो तेही विचारून घेतलं. आतून रंग चुन्याचा दिलाय, ऑइल पेंटच्या वासाने त्यांना लगेच धाप लागते.

भिंती रॅट ट्रॅप बाँडच्या, म्हणजे वीट आडवी न ठेवता धारेवर उभी लावायची आणि मधे पोकळी सोडायची. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी अशी खूप घरं बांधली. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात अन् पोकळीतल्या हवेमुळे उष्णता आत कमी येते. आमच्या मिस्त्रीने हे कधी केलेलं नव्हतं, पहिल्याच दिवशी त्याने मजबूत होईल म्हणून पोकळीत माल भरून टाकला. ताईंनी उन्हात उभं राहून दोन थर उतरवून घेतले आणि मग स्वतः चार विटा लावून दाखवल्या, तेव्हाच मला विश्वास बसला.

पडवीची जुनी मंगलोरी कौलं स्लॅबच्या खालच्या भागात टाकली, तिथलं काँक्रीट ताकदीला फारसं कामी येत नाही, त्यामुळे सिमेंट वाचलं आणि वजनही कमी झालं. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स. गच्ची १,००० चौरस फूट आहे, त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९०० लिटरच्या वर पाणी होतं, ते गाळून बोअरमध्ये सोडलंय. कडुनिंब तोडला नाही, त्याच्यासाठी कंपाउंड आत घेतलं.

तक्रार आहेच. काम ५ महिने लांबलं, चुन्याच्या गिलाव्याचा कारागीर वेळेवर मिळाला नाही, ऑफिसात फोन उचलत नाहीत म्हणून दोनदा जळगावला जाऊन बसावं लागलं. वायरिंगचे पाइप कुठून जाणार हे भिंत चढायच्या आधीच ठरवावं लागतं, ते आम्हाला उशिरा सांगितलं, त्यामुळे स्वयंपाकघरात मिक्सरचा प्लग चुकीच्या जागी आलाय.

मे महिन्यात दुपारी कूलर लागतोच, खोटं कशाला बोलू, पण रात्री ९ नंतर बंद करतो. एसी घेतला नाही. नाना आता दुपारी उत्तरेच्या खोलीत झोपतात, खिडकीबाहेर कडुनिंबावर सातभाई कलकलाट करतात तरी त्यांना जाग येत नाही.