अहमदाबादचा हेरिटेज वॉक: देवळापासून मशिदीपर्यंत

अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ साली सुरू केलेला हेरिटेज वॉक कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी निघतो आणि साधारण अडीच तासांनी जामा मशिदीत संपतो. अंतर फार नाही, पण साबरमतीपलीकडच्या काचेच्या इमारती आणि उड्डाणपूल पाहून जो पाहुणा या शहराविषयी मत बनवतो, त्याने ही एक सकाळ राखून ठेवावीच. १४११ मध्ये अहमदशहाने वसवलेल्या या तटबंदीच्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. भारतात हा मान मिळवणारे ते पहिलेच शहर.

या फेरीचे खरे मोल मोठ्या वास्तूंपेक्षा पोळांमध्ये आहे. पोळ म्हणजे एकाच दरवाजातून आत जाणारी वस्ती. दरवाजा रात्री बंद होत असे, आणि अडचणीच्या वेळी शेजारच्या पोळात निसटण्यासाठी चोरवाटाही ठेवलेल्या असत. चौकात खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरा दिसतो, तो पाखरांना दाणे घालण्यासाठी. घरांची रचना आपल्या वाड्यांची आठवण करून देते: मधोमध चौक, बाहेर ओटा, कोरीव सागवानी तुळया. चौकाच्या फरसबंदीखाली मात्र 'टांका' असतो. छपरावरचे पावसाचे पाणी नळीने या चुनेगच्ची हौदात उतरते आणि वर्षभर पिण्यासाठी पुरत असे. नळाचे पाणी येण्याआधी एवढे दाट शहर कसे जगले, याचा उलगडा त्या हौदाच्या लहानशा झाकणापाशी उभे राहिल्यावर होतो. मार्गदर्शक इथे रेंगाळला तर घाई करू नये.

लांबेश्वरच्या पोळात एकोणिसाव्या शतकातील गुजराती कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्याचा दर्शनी भाग पुन्हा उभारला असून, ओट्यावर कवींचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. स्मारक असावे तर असे. उंच चौथरा नाही, कुंपण नाही, शेजारी बसून घ्यावे.

शेवटचा टप्पा मला तुलनेने उणा वाटला. माणेकचौकाचा प्राण सराफी दुकाने उघडल्यावर आणि रात्री खाऊगल्ली भरल्यावर दिसतो. सकाळी तो अर्धाच जागा असतो. १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या जामा मशिदीलाही फेरीच्या शेपटाला मिळणारा वेळ अपुरा आहे. तिथल्या २६० खांबांवरची कोरीव कामे स्थानिक मंदिरशिल्पकारांच्या हातची आहेत हे निवांत पाहिल्यावरच कळते, आणि १८१९ च्या भूकंपात मिनारांचे वरचे भाग गेले तरी उरलेल्या बुंध्यांवरची नक्षी थक्क करते. मंडळी पांगल्यावर तिथेच थांबावे, हा माझा आग्रहाचा सल्ला.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे साठ वर्षे हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या वाटणीत होते, परंतु गायकवाड हवेली या मार्गापासून दूर, शहराच्या नैर्ऋत्य भागात आहे. मराठी अमलाच्या खुणा शोधायच्या असतील तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा.

गल्ल्यांतून दुचाक्या सतत अंगावर येतात, त्यामुळे वयस्कर मंडळींनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सांभाळून चालावे. देवळात, देरासरात (जैन मंदिरात) आणि मशिदीत चपला काढाव्या लागतात, म्हणून सहज निघणारे पादत्राण बरे. डिसेंबर-जानेवारीत जावे, एप्रिलनंतर दहाच्या सुमारासच ऊन असह्य होते.