पाच ग्राहकांच्या वेबसाइट आणि एकच चोरीची थीम

म्हापशात मी एक लहानशी वेब एजन्सी चालवतो. डिझाइन आणि मजकूर आम्ही पाहतो, कोडिंग बाहेरून करून घेतो. गोव्यात याच पद्धतीने काम करणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी कोणावरही माझ्यासारखी पाळी येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर पाच कामे एकदम हाती आली : मांद्र्यातील एक होमस्टे, डिचोलीतील एक देवस्थान, फोंड्यात काजूगर विकणाऱ्या एक बाई, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक शिकवणी वर्ग. पाचांच्या गरजा पाच तऱ्हेच्या होत्या. देवस्थानाला तिथीप्रमाणे बदलणारे जत्रा-पालखीचे वेळापत्रक हवे होते, तर काजूच्या बाईंना डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा प्रतींचे दर आणि वजने रोज स्वतः बदलता यायला हवी होती. तयार थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या आयत्या साच्यात, हे नीट बसत नाही, म्हणूनच मी ग्राहकांना कस्टम कामाचा दर सांगितला होता. पुण्यातील एका कंपनीने ‘वर्डप्रेसवर (वेबसाइट बांधण्याच्या प्रणालीवर), पण थीम शून्यापासून लिहून’ देण्याचे कबूल केले. प्रत्येक वेबसाइटचे ३५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी ठरला. निम्मी रक्कम आगाऊ दिली. सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर झाले, करार केला नाही.

साइट वेळेत मिळाल्या आणि दिसायलाही चांगल्या होत्या. मी उरलेले पैसे दिले.

चतुर्थी होऊन पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा देवस्थानाच्या सचिवांचा फोन आला. ‘‘भाऊ, गूगलवर आमच्या देवस्थानाचे नाव घातले की खाली चिनी अक्षरे येतात. लोक मला विचारतात. हे काय आहे?’’ मी साइट उघडून पाहिली, तर सर्व काही जागच्या जागी होते. मग गूगलमध्ये केवळ त्या डोमेनपुरता, म्हणजे वेबसाइटच्या नाव-पत्त्यापुरता, शोध घेतला आणि हातपाय गार पडले. देवस्थानाच्या पत्त्यावर शेकडो पाने होती, सर्व जपानी लिपीत, नावाजलेल्या ब्रँडच्या नकली पर्स आणि बूट विकणारी. हा हॅकिंगचा परिचित प्रकार आहे : घुसलेला कोड गूगलच्या बॉटला (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) एक पान दाखवतो आणि माणसाला दुसरे, त्यामुळे मालकाला कित्येक दिवस पत्ता लागत नाही. साइट नुसती उघडून पाहणे ही तपासणी नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

रात्री मी पाचही साइटच्या फाइली उतरवून घेतल्या. थीमच्या स्टाइलशीटच्या (रंग-रूप ठरवणाऱ्या फाइलीच्या) डोक्यावरचे मूळ नाव आणि निर्मात्याचे नाव पुसलेले होते. पण खाली देवस्थानाच्या साइटमध्येसुद्धा रेस्टॉरंटच्या मेनूचे विभाग तसेच राहिले होते. फंक्शन्सच्या फाइलीत शेवटच्या ओळीत बरीच रिकामी जागा सोडून, पडद्याच्या उजव्या कडेबाहेर राहून दिसू नये अशा बेताने, निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांची एक लांबच लांब ओळ घातलेली होती. तीच ओळ अक्षरशः जशीच्या तशी पाचही ठिकाणी होती. अशा थीम एरवी ५०-६० डॉलरला विकत मिळतात. त्यांची परवाना-तपासणी काढून फुकट वाटलेल्या प्रतींना ‘नल्ड’ म्हणतात आणि फुकट वाटणारा बहुधा त्यात स्वतःसाठी चोरदरवाजा ठेवतो. मी शून्यापासून लिहिलेल्या पाच थीमचे पैसे मोजले होते. मिळाली होती एकच, तीही चोरीची.

कंपनीने आधी ‘सर्व्हर तुमचा, जबाबदारी तुमची’ असे उत्तर दिले, मग साफसफाईचे वेगळे ४०,००० रुपये मागितले आणि त्यानंतर फोन घेणेच बंद केले. होमस्टे आणि काजू यांची डोमेनही त्यांनीच ‘पॅकेजमध्ये’ नोंदवली होती, स्वतःच्या खात्यावर. डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा ऑथ कोड खातेदारालाच काढता येतो, त्यामुळे नाव आमचे असूनही किल्ली त्यांच्या खिशात होती. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर घालून पाहिला, तर नोंदणी रद्द झालेली निघाली. म्हणजे जीएसटी म्हणून भरलेल्या ३१,५०० रुपयांचे क्रेडिट, म्हणजे माझ्या करातून मिळणारी वजावट, तीही गेली. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि पैसे देण्यापूर्वी मी ती केली नव्हती. वकिलांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. म्हणजे कोड खरोखर नव्याने लिहिलेला असता, तरी केवळ पैसे दिल्याने तो माझ्या ग्राहकांच्या मालकीचा झाला नसता.

आता डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावरून घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. कोड पहिल्या आठवड्यापासून आमच्या गिट खात्यात (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या जागी) यावा लागतो, कारण रोज लिहिला जाणारा कोड थोडा थोडा वाढताना दिसतो, तर उचललेला कोड एका दिवसात अख्खा येऊन पडतो. शेवटचा हप्ता त्रयस्थ डेव्हलपरने फाइली वाचल्यावरच देतो.

पाचही साइट मी स्वखर्चाने नव्याने बांधून दिल्या. होमस्टेचे डोमेन बऱ्याच पाठपुराव्यानंतर सुटले, काजूचे नाही. बाईंनी नव्या नावाची लेबले छापून घेतली आहेत आणि जुनी पाकिटे संपेपर्यंत प्रत्येक पाकिटावर त्या स्वतःच्या हाताने ती चिकटवतात.