गोठ्यावर कौलं की पत्रा?

कोकणात दहा बाय दहाचा गोठा स्वतः बांधायचा तर खरा प्रश्न छपराचा.

मंगलोरी कौलं 100 चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात. एकेक कौल दोन किलोंच्या वरचं, म्हणजे तीनशे किलोंहून जास्त भार. वासे-रिपा दणकट हव्यात, उतार 30 अंशांच्या जवळ. तेवढ्याच जागेला अर्धा मिलिमीटर पत्रा पन्नासेक किलोंत भागतो आणि दोघं जण एका दिवसात चढवतात.

पण एप्रिलमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहून बघा. गाय धापा टाकते. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, आणि फुटलं तर एकच कौल बदलायचं. माकडं असतील तर मात्र दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे हललेली-फुटलेली कौलं नीट बसवणं, ठरलेली.

पत्रा घेतलाच तर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर लावून मारा. खोलगटात मारला की गळती. कडेचे स्क्रू जवळजवळ हवेत, वारा तिथूनच पत्रा उचलतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडात ते दाखवलंच.

जनावरांसाठी मी कौलंच घालीन. सरपणाच्या खोपीला पत्रा पुरे.