पासपोर्ट पाहिला होता हो मी!

१,४०,७१० रुपये ८६ पैसे. दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर साड्या नेणाऱ्या एका चोराने मला एवढ्याला बुडवलं; साड्या, गाडीवाल्याला दिलेले आणि कापलेलं कमिशन मिळून. पैशांसकट लिहितेय, कारण गेल्या काही महिन्यांत हा आकडा मी इतक्या अर्जांवर लिहिलाय की झोपेतही सांगीन. आमचे हे म्हणतात, साड्या खरेदीच्या भावाने धर, तोटा कमी दिसेल. दिसेल हो. होणार आहे का कमी?

गोकुळपेठेत माझं साड्यांचं लहानसं दुकान आहे. टसर, करवत काठी, थोड्या पैठण्या. एकोणीस वर्षं झाली. बाईला अक्कल नव्हती असं म्हणण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की पाचशेची खोटी नोट माझ्या बोटांना कळते आणि उधारी बुडवणारं गिऱ्हाईक मी पायरीवरच ओळखते. नोट हातात असते, गिऱ्हाईक पायरीवर असतं. या माणसाचं काहीच माझ्यासमोर नव्हतं.

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार. व्हॉट्सॲपवर फोन आला. "काकू" म्हणाला. मूळचा धंतोलीचा, आता न्यू जर्सीत, बहिणीचं लग्न वर्धा रोडच्या एका लॉनवर. पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीला ठेवली म्हणाला. बर्डीवर आता गाडी लावायला जागा मिळते का, असंही विचारलं. स्वतः दुकानात का येत नाही? तर १६ तारखेपासून अधिवेशन, हॉटेलं आत्ताच भरली, त्यामुळे सगळे लग्नाच्या आदल्या दिवशीच उतरणार. नागपूरकराला याहून पटणारं कारण कोणी सांगून दाखवावं.

व्हिडिओवर माल पाहिला. पाच करवत काठी साड्या, १४,२०० रुपयांची एक. दोन पैठण्या, २१,५०० प्रमाणे. टसरची चार उपरणी, १,८५० प्रमाणे. झाले १,२१,४००. एक रुपया कमी करा म्हणाला नाही. लग्नाची खरेदी, नागपूरचा माणूस आणि घासाघीस नाही! हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला आनंद झाला. सीझनमध्ये असं एक गिऱ्हाईक मिळालं की महिन्याचं भाडं निघतं, दुकानदार असाल तर तुम्हाला समजेल.

मग म्हणाला, साड्या न्यायला गाडीवाला येईल, त्याच्याकडे कार्ड चालत नाही, त्याचे १४,५०० तुमच्या बिलातच धरा आणि तुम्ही त्याला यूपीआय करून द्या. हसा. कार्डावर जास्त भरायचे आणि वरचे दुकानदाराकडून काढून घ्यायचे, हा प्रकार मलाही ऐकून माहीत होता. ऐकताना त्यात चोर असतो हो. इथे लग्नघरातला मुलगा होता.

शनिवारी संध्याकाळी १,३५,९०० ची पेमेंट लिंक पाठवली. आणि आता ती जागा, जी आठवली की आजही कपाळावर हात मारून घेते. मोबाइलवर पेमेंट कंपनीचं पान उघडं होतं आणि एकेक ओळ उमटत होती. फेल. फेल. परत फेल. चौथ्यांदा फेल. पाचव्यांदा हिरवं. शेजारी कार्डांचे शेवटचे चार आकडे होते. तीन वेगळी कार्डं. त्यातलं एक अमेरिकेचंसुद्धा नव्हतं, दुसऱ्याच देशाचं होतं. हे मी वाचलं. चष्मा लावून वाचलं. मी त्याला विचारलंही. "काकू, इथल्या बँका भारतातलं पेमेंट संशयाने अडवतात, म्हणून बायकोचं कार्ड वापरलं." आमच्या मुलीचं कार्ड सिंगापूरला असंच अडलं होतं, मला ते पटलं. एका माणसाच्या खिशात दोन देशांची तीन कार्डं का, हा प्रश्न मला फेब्रुवारीत पडला.

दुकानातल्या मुलीला मात्र तिथल्या तिथे पडला. "ताई, ओटीपी काऊन नाही मागितला त्याले?" बारावी नापास पोरगी. मी तिला गप्प केलं, कारण तो आधीच सांगून बसला होता की अमेरिकेच्या कार्डाला ओटीपी लागत नाही. आणि खरी चीड आणणारी गोष्ट अशी की हे त्याचं एकमेव खरं बोलणं होतं! ओटीपीसारखी दुसरी खूण मागण्याची रिझर्व्ह बँकेची सक्ती आपल्याकडच्या कार्डांना आहे. परदेशी बँकेच्या कार्डावर नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकून पैसे निघू शकतात. तिकडेही ओटीपीसारखा जादा टप्पा असतो. तो पार पडला असेल तर फसवणुकीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. नसेल तर दुकानदारावर. म्हणजे माझ्यावर. परदेशी कार्ड घेण्याची सोय चालू करताना हे एका ओळीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या लिंकवर ती सोय चालू आहे का, आजच बघा. गरज नसेल तर बंद करून टाका.

आता पासपोर्ट. हो, मी ओळख मागितली होती. सगळे विचारतात ना, "ओळखपत्र मागितलं नाही का?" मागितलं. त्याने पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवला. फोटो, जन्मतारीख, नाव. नाव बरोबर जुळलं. कशाशी? त्याने मला फोनवर सांगितलेल्या नावाशी! चोराने सांगितलेलं नाव चोराने पाठवलेल्या कागदावर सापडलं आणि मी समाधानाने मान हलवली. ओळख पटवायची होती ती कार्डाच्या मालकाची. त्या कार्डावर कुणाचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं, आणि बायकोचं कार्ड आहे हे तर तोच म्हणाला होता. मग नवऱ्याचा पासपोर्ट घेऊन मी काय तपासत होते?

पैसे 'सक्सेसफुल' झाले म्हणजे कोणीतरी कुठेतरी माणूस तपासला, अशी आपली समजूत असते. तसं काही नसतं. यंत्रणा कार्ड चालू आहे का, मर्यादा शिल्लक आहे का ते बघते. टाइप केलेलं नाव कार्डावरच्या नावाशी ताडण्याची साधारणपणे पद्धतच नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये घर नंबर आणि पिन कोड ताडायची सोय आहे, पण ती दुकानदाराच्या पेमेंट कंपनीने वापरली तर. दुकानातल्या मशिनवर १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय टॅप चालतं, त्याला मी नावं ठेवायचे. आता वाटतं, ते परवडलं. कार्ड निदान समोर असतं, आणणाराही असतो.

सोमवारी, ९ तारखेला गाडीवाला आला. साड्या नेल्या, बिलाच्या मागे सही केली. ती सही मला आजही वाचता येत नाही. मी १४,५०० पाठवले. त्याच्याच फोनवर दाखवलेल्या क्यूआरवर, समोर दिसणारं नाव दुसऱ्याच कुणाचं, "मालकाचं हाय" म्हणाला. गाडीचा नंबर लिहिला नाही. एमएच ४९ एवढं आठवतं, म्हणजे अर्धं नागपूर. तेव्हा पैसे माझ्या खात्यात आलेही नव्हते. परदेशी कार्डाचे उशिरा येतात. १६ तारखेला १,३१,०८९ रुपये १४ पैसे जमा झाले, ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ४,८१०.८६ कापून. मी पेढे वाटले. खरंच वाटले.

१८ फेब्रुवारी २०२५, त्र्याहत्तराव्या दिवशी मेल. कार्डधारकाने व्यवहार नाकारला आहे, सात दिवसांत पुरावे द्या. त्याच दिवशी खात्यातून पूर्ण १,३५,९०० वळते. कमिशन कापलेलं ते कापलेलंच. कार्डधारकाला तक्रार करायला साधारण १२० दिवस असतात, दुकानदाराला सात! बिल, सगळं चॅट, पासपोर्टचा फोटो, गाडीवाल्याची सही, सारं पाठवलं. एप्रिलमध्ये निकाल आला, दोन ओळींचा. माल कार्डधारकाला पोचल्याचा पुरावा नाही, पाठवलेल्या ओळखपत्रावरचं नाव कार्डधारकाच्या नावाशी जुळत नाही.

जुळत नाही! म्हणजे नाव तुमच्याकडे होतं. मग डिसेंबरात माझ्याकडून ४,८१० रुपये कसले घेतले? नाव ताडायची जबाबदारी माझी आणि नाव बघायचा अधिकार तुमचा, हा कुठला न्याय? विचारायला फोन नंबर नाही. मेल लिहिला की टिकीट उघडतं, दोन दिवसांनी आपोआप बंद होतं. बँकेच्या शाखेत गेले. साहेब म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, पेमेंट कंपनीकडे जा. पेमेंट कंपनी म्हणते निर्णय कार्ड देणाऱ्या बँकेचा. ती बँक सातासमुद्रापार. तिथे काय रिक्षाने जाऊ?

पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्या खेपेला, "ताई, पैसे बँकेनंच देल्ले, बँकेनंच नेले. तुमचे गेले कुठी?" साड्या गेल्या ना, म्हटलं. तर साड्या तुम्ही स्वखुशीने दिल्या. दुसऱ्या खेपेला एका तरुण साहेबांनी शांतपणे ऐकलं, मला वाटलं आता काही होईल. ते म्हणाले, खरा फिर्यादी मूळ कार्डधारक, त्याला तक्रार द्यायला सांगा. ज्याचं नाव मला कोणी सांगत नाही त्याला! तिसरी खेप मार्चमध्ये. १७ तारखेनंतर शहरात काही भागांत संचारबंदी होती, सगळे बंदोबस्तात. त्यांना दोष देत नाही, पण त्यानंतरही कोणी फोन केला नाही. अर्जावर पोच म्हणून शिक्का मिळाला तो तेवढा आहे, फाइलला लावलाय.

अखेर ऑनलाइन तक्रार नोंदवली गेली ती किती रुपयांची? १४,५०० ची. कारण माझ्या खात्यातून 'बाहेर गेलेली' तेवढीच रक्कम. १,२१,४०० च्या साड्यांसाठी रकाना नाही. आणि त्या १४,५०० बद्दलही ऐकून घ्यावं लागलं की पहिल्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा होता, पैसे गोठवता आले असते. पहिल्या तासात मी पेढे आणायला जायचं ठरवत होते! दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी पुसलं जातं. ते आता साठ दिवसांचं करून घेतलंय, खर्च ३,२००, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही.

तुम्ही करा काय, तर आधी फेल झालेल्या ओळी बघा, हिरवी ओळ नंतर. दोन कार्डं बदलली की सौदा थांबवा. पैसे भरणारा एक आणि माल नेणारा दुसरा असेल तर कार्डाने घेऊच नका, बँक ट्रान्स्फर मागा. पैसे जमा होऊन वर आठवडाभर बसल्याशिवाय माल सोडू नका, आणि सोडलात तरी चार्जबॅक, म्हणजे कार्डधारकाने व्यवहार नाकारला म्हणून पैसे परत वळते होणं, येऊ शकतो. दुसऱ्या कुणाचे पैसे स्वतःच्या बिलात घालू नका, सख्ख्या भावाचे असले तरी. माल नेताना कार्ड आणि ओळखपत्र दोन्ही समोर आणायला सांगा, नाव एकमेकांशी जुळवा, त्याच्या बोलण्याशी नव्हे. कार्डाचा फोटो मागत बसू नका. मागचे तीन आकडे आपल्याकडे साठवणं नियमात बसत नाही, उद्या तुमच्याच गळ्यात येईल.

मी आता हे सगळं करते. मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका, सून बाळंत झाली म्हणून साडी घ्यायला. ६,८०० ची. कार्ड मुलाच्या नावाचं, मुलगा पुण्याला, पिन त्यांना पाठ. आपल्याकडे कोणत्या घरात नवऱ्याचं, मुलाचं कार्ड बायका वापरत नाहीत? मी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हटलं, मॅडम, जरा ओळखपत्र दाखवता का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पर्स बंद केली. घडी मोडलेली साडी तशीच काउंटरवर ठेवून गेल्या.