पाच हजार डॉलर मोजले, पण हेड उतरलंच नव्हतं

मी मूळचा साताऱ्याचा. गेली सतरा वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. इथे मराठी माणसं बरीच आहेत आणि बहुतेकांचं पोट या ना त्या वाटेने गाड्यांवरच चालतं. त्यातल्या तिघा-चौघांना आता जुन्या मसल कारचा, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांचा, नाद लागलाय. परवा एकाने फोन करून विचारलं, "तू तुझी गाडी कुठे दाखवतोस रे?" त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. माझं नुकसान झालं ते झालं, दुसऱ्याचं होऊ नये.

माझी गाडी १९६८ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, ही १९६४च्या पहिल्या जीटीओमागची कल्पना होती आणि मसल कारचं युग तिच्यापासूनच जोमात सुरू झालं असं मानतात. १९६८च्या गाडीत ४०० घन इंचांचं, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचं व्ही-८ इंजिन येतं. घेताना मी खूप काळजी घेतली होती. त्याच कंपनीच्या साध्या ल मान्स गाडीला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे पुष्कळ आहेत. त्या वर्षीच्या खऱ्या जीटीओचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ने सुरू होतो, ल मान्सचा २३७ने. तो पाहिला. इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर, म्हणजे ब्लॉकवर कोरलेला गाडीचा क्रमांकही टॉर्च मारून जुळवला. इंजिनचे दोन्ही बाजूंनी पन्नासेक फोटो काढून ठेवले. हे फोटो पुढे फार उपयोगी पडले. विकणाऱ्याने फसवू नये म्हणून एवढं सगळं केलं. दुरुस्त करणाराही फसवू शकतो, हे मात्र तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

दुखणं सुरू झालं २०२३च्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात आणि संध्याकाळी सगळे चकरा मारत असतात. माझी गाडी सकाळी एका किल्लीत सुरू व्हायची. वीस-पंचवीस मिनिटं झकास चालायची. मग ओढ कमी व्हायची, मिसिंग (इंजिनचं अडखळणं) सुरू व्हायचं, कार्बोरेटरमधून एक-दोनदा फाट् असा आवाज यायचा आणि सिग्नलला बंद. स्टार्टर कितीही मारला तरी दाद नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहिलं की पुन्हा पहिल्यासारखी सुरू. गर्दीत, मागे हॉर्न वाजत असताना, मुलीला शेजारी बसवून तीनदा हा प्रसंग ओढवला.

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजात गाडी नेली. नाव लिहीत नाही. मालक अतिशय गोड बोलायचा. भिंतीवर करंडक, फ्रेम केलेले फोटो. पहिल्या खेपेला त्याने पेट्रोल पंप आणि आठही प्लग बदलले, ६४० डॉलर घेतले. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच बंद. दुसऱ्या खेपेला त्याने एक कागद दाखवला. हाताने लिहिलेले कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे, आठ आकडे. सहा ठीक, दोन ऐंशी-नव्वदच्या घरात. "व्हॉल्व जळलेत. दोन्ही हेड उतरवावी लागतील. असंच चालवत राहिलात तर पिस्टन जाईल आणि मग ओरिजिनल इंजिनच हातचं जाईल." हे शेवटचं वाक्य त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. जुन्या गाडीच्या मालकाला नेमकी कशाची भीती वाटते, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, व्हॉल्व त्यातच असतात. ती उतरवून दुरुस्त करायला मी ५२०० डॉलरला हो म्हणालो. त्यातले निम्मे रोख दिले, कारण तसं केलं तर थोडं कमी लावतो म्हणाला. बिलावर मोघम लिहिलं होतं: इंजिन दुरुस्ती, हेडचं काम, कार्बोरेटर साफ करून जोडणे.

गाडी परत मिळाली ऑक्टोबरच्या शेवटी. उत्तम चालली. का चालली ते तेव्हा कळलं नाही. बाहेर सात-आठ अंश तापमान होतं, बॉनेटखाली उष्णता साचतच नव्हती. दोन आठवड्यांत रस्त्यावर मीठ पडायला लागलं आणि इथल्या रिवाजाप्रमाणे गाडी आच्छादन घालून हिवाळाभर आत ठेवली. जूनमध्ये बाहेर काढली. पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी, घरापासून नऊ मैलांवर, तेच मिसिंग, तोच फाट् आवाज, तीच बंद पडलेली गाडी.

रस्त्याकडेला उभा असताना पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ त्यांची पिकअप थांबवून उतरले. पॉन्टिअ‍ॅक शहरातच, त्याच कंपनीच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी मला गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बंद पडून किती मिनिटं झाली?" चार. "मग घाई कर, थंड व्हायच्या आत बघू." एअर क्लीनर काढला, थ्रॉटल हाताने दाबला, आत डोकावले. पेट्रोलच्या दोन बारीक धारा स्वच्छ दिसत होत्या. म्हणजे पेट्रोल येतंय. मग एका प्लगची वायर काढून तिला ठिणगी बघायचा टेस्टर लावला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी नाही. तीनदा मारला. नाहीच. मग त्यांनी पिकअपमधून एक फडकं आणलं, पाण्याच्या बाटलीने भिजवलं आणि इंजिनच्या मागच्या बाजूला असलेल्या, ठिणगीसाठी करंट वाढवून देणाऱ्या इग्निशन कॉइलवर गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली. दोन-तीन वेळा पाणी बदललं. मग म्हणाले, "मार आता." गाडी सुरू झाली.

ते ओलं फडकं बघून माझ्या पोटात खड्डा पडला. लहानपणी आमची प्रीमियर पद्मिनी खंबाटकी घाटात मे महिन्यात हटकून बंद पडायची. बाबा खाली उतरून एसी पंपावर, म्हणजे पेट्रोल पंपावर, ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही दगडावर बसून वाट बघायचो. तिथे दुखणं पेट्रोलची वाफ होण्याचं होतं, इथे कॉइलचं. पण तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, ही खूण तीच. रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "अरे, गार झाल्यावर चालते म्हणजे करंट नाहीतर पेट्रोल. आधी डेल्को, कंडेन्सर, कॉइल बघायचं. हेडला कशाला हात लावला त्याने?" आपल्याकडचे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाला, डेल्को म्हणतात, आणि माझ्या गाडीत बसलेला डिस्ट्रिब्युटर खरोखरच डेल्को-रेमीचा आहे. साताऱ्यात बसलेल्या माणसाला फोनवर जे कळलं, ते करंडकांच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

व्हॉल्व जळलेला असेल तर तो थंड इंजिनातही जळलेलाच असतो. त्या सिलिंडरचं मिसिंग सकाळीही ऐकू येतं, विशेषतः गाडी नुसती उभी असताना. वीस मिनिटं लोण्यासारखी चालून मग अख्खं इंजिन एकदम बंद पडत नाही. एवढा एकच विचार मी त्या दिवशी केला असता तर पाच हजार डॉलर वाचले असते.

पुढच्या शनिवारी ते गृहस्थ घरी आले. मीटरवर कॉइलची आतली तार थंड असताना साडेआठ हजार ओहमच्या आसपास दाखवत होती, हीट गनने तापवल्यावर काहीच दाखवेना. आत तार तुटलेली होती, तापून फुगली की सांधा सुटायचा. नवी कॉइल बेचाळीस डॉलरची. मग मी त्यांना कॉम्प्रेशनचा तो कागद दाखवला. ते म्हणाले, आपणच बघू. इंजिन गरम केलं, आठही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, थ्रॉटल पूर्ण उघडा अडकवला आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच फेरे दिले. थ्रॉटल बंद ठेवला तर हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं, हे मला तेव्हा कळलं. आकडे मीच वाचले. सगळे १६५ ते १७५च्या दरम्यान.

"हेडचं काम झाल्यावर असेच येणार ना?" मी विचारलं. त्यांनी उत्तर न देता टॉर्च घेतला आणि हेड जिथे ब्लॉकवर बसतं त्या सांध्यावर धरला. कधीकाळी कोणीतरी इंजिन पॉन्टिअ‍ॅकच्या निळ्या रंगात रंगवलं होतं. त्या रंगाचा एक ओघळ हेडवरून सांध्यावर आणि तिथून खाली ब्लॉकवर उतरून सुकलेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा जाड, शेवटी छोटा थेंब. सांध्याच्या रेषेवर त्याला केसाएवढीही चीर नव्हती. माझ्या २०२२च्या फोटोत तोच ओघळ, तोच थेंब. हेड एकदा जरी उचललं असतं तरी तो तुटला असता. दुसऱ्या बाजूच्या सांध्यावरही जुना रंग तसाच अखंड होता.

खरा धक्का त्यानंतर बसला. कार्बोरेटर बदललेला होता. माझा मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट, ड्रायव्हरच्या बाजूला ७०२८ने सुरू होणारा आकडा कोरलेला. त्यातला चौथा अंक वर्षाचा, ८ म्हणजे १९६८. आता बसवलेल्यावर १७०५ने सुरू होणारा आकडा, म्हणजे १९७६ किंवा त्यानंतरचा, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे, वर एअर क्लीनर बसला की दिसतही नाहीत. गाडीबरोबर जन्मलेल्या कार्बोरेटरला बाजारात शेकडो डॉलर मिळतात. "साफ करून जोडणे" याचे माझ्याकडून ४५० घेतले होते.

गॅरेजवाल्याला भेटलो. हेडचं काम झालंय, नंतर आम्ही रंग दिलाय, असं तोंडावर म्हणाला. फोटो दाखवले तेव्हा आवाज चढला. कार्बोरेटर म्हणे बाहेर पाठवला होता, तिथून बदलून आला. मिशिगनमध्ये १९७४पासून याबद्दलचा कायदा आहे. दुरुस्तीच्या गॅरेजची नोंदणी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे लागते, मेकॅनिकला प्रमाणपत्र लागतं, आधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं आणि बदललेले भाग गिऱ्हाइकाला परत मागता येतात. यातलं मी काहीच मागितलं नव्हतं. जळलेला एक व्हॉल्व दाखवा, एवढं जरी म्हटलं असतं तरी प्रकरण तिथेच थांबलं असतं. मी रीतसर तक्रार केली. बरीच पत्रापत्री झाल्यावर १८०० डॉलर परत आले. रोख दिलेल्या पैशांची पावतीच नसल्यामुळे ते गेले.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना हात जोडून विनंती. गाडी बंद पडते त्याच क्षणी ठिणगी आहे का आणि पेट्रोल येतंय का, हे दोनच प्रश्न विचारा. दहा-पंधरा डॉलरचा ठिणगीचा टेस्टर डिकीत ठेवा. दुखणं तापल्यावर येत असेल तर गॅरेजवाल्याला सांगा, आधी तापवून, बंद पाडून दाखव, मग निदान कर. कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर घेऊ नका, गेज लावताना शेजारी उभे राहा. आणि गाडी आत सोडण्यापूर्वी कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, ब्लॉक यांच्यावरच्या आकड्यांचे फोटो त्या गॅरेजवाल्याच्या डोळ्यांदेखत काढा.

नवी कॉइल टाकल्यापासून गाडी एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये मुलीला घेऊन वुडवर्डवर तीन तास फिरलो. कार्बोरेटर मात्र अजून सापडलेला नाही. जुन्या भागांच्या प्रत्येक बाजारात मी टेबलांवरचे क्वाड्राजेट उलटेपालटे करून बघतो. माझ्या कार्बोरेटरवर ७०२८ने सुरू होणारा आकडा आहे आणि पुढच्या बाजूला, पेट्रोलची नळी जिथे बसते तिथल्या नटाची एक कड पाना सटकून गोल झालेली आहे. असा कुणाला कुठे दिसला तर कृपा करून विकणाऱ्याला काही न बोलता आधी फोटो काढा आणि मला कळवा.